पेन्सिल धरण्याचे शिक्षण (बालशिक्षण)

पेन्सिल धरण्याचे शिक्षण : साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांना पेन्सिल सैल हाताने, न दमता धरता यावी म्हणून घरी, अंगणवाडीत आणि शाळेच्या पहिल्या इयत्तांत दिले जाणारे शिक्षण. लेखनपूर्व तयारीचा हा महत्त्वाचा भाग आहे. पकड बोटांच्या कामांतून घडते, म्हणून हे शिक्षण पेन्सिल हातात येण्याच्या पुष्कळ आधी सुरू व्हावे लागते. पेठ वडगाव (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) यासारख्या शेती आणि बाजारपेठ या दोन्हींवर चालणाऱ्या गावात त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य घरातच असते.

योग्य पकड : पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरली जाते व मधल्या बोटाच्या कडेवर टेकते. टोकापासून दोन ते अडीच सेंमी. अंतरावर बोटे असतात. अनामिका आणि करंगळी तळहाताकडे दुमडून कागदावर टेकतात व हाताला आधार देतात. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये गोलसर पोकळी राहते. पेन्सिल बोटांनी हलावी. मनगट टेकलेले आणि खांदा स्थिर असावा. तर्जनीचे पेर आत दबले असेल किंवा नखे पांढरी पडली असतील, तर मूल गरजेपेक्षा जास्त जोर लावत आहे असे समजावे.

हाताची वाढ : मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मावेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून टणक होत जातात. खांदा व कोपर आधी स्थिरावतात, बोटांवर ताबा त्यानंतर येतो. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि सबंध हाताने रेघोट्या ओढते. दोन-तीन वर्षांचे मूल तळहात खाली करून सर्व बोटांनी धरते. साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांची पकड दिसू लागते, पण हालचाल मनगटातूनच होते. बोटांनी पेन्सिल हलवणे साडेचार ते सहाच्या दरम्यान जमते. हे टप्पे प्रत्येक मुलाचे थोडे पुढेमागे असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरे काढायला बसवले, की ते सापडेल तशी पकड धरते आणि तीच पुढे कायम होते.

महाराष्ट्रातील परंपरा : जुन्या गावठी शाळांत मुले धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरे गिरवीत, त्यानंतर दगडी पाटी आणि बोरू हाती येई. अक्षराचे वळण अशा रीतीने लेखणीच्या आधी बोटात उतरे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. त्यातून शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी शाळेची वाट खुली झाली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणसाधने केले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतही मूल आधी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून दोन बोटे फिरवते. वर लहान मूठ बसवलेले ठोकळे उचलतानाही त्यांच्या पद्धतीत पेन्सिलीचीच चिमूट तयार होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

पूर्वतयारी : भुईमुगाच्या शेंगा फोडणे, मटार सोलणे, लसूण निवडणे, कणकेच्या गोळ्या वळणे, मणी ओवणे, बटणे लावणे आणि धुतलेले फडके पिळणे या कामांनी बोटांत बळ येते. बेंदराच्या सणाला मातीचे बैल करताना मूल माती मळते, शिंगे ओढून काढते. त्या वेळी अंगठा आणि दोन बोटे एकमेकांसमोर काम करतात. रांगोळी तर या पकडीची उत्तम तालीम आहे. चिमटीतली रांगोळी सारखी सुटावी म्हणून बोटांचा दाब कमी-जास्त करावा लागतो, आणि हाच ताबा पुढे पेन्सिलीला लागतो. भिंतीवरच्या फळ्यावर उभे राहून खडूने मोठे गोल व आडव्या-उभ्या रेघा काढल्या, की मनगट किंचित मागे वळून योग्य स्थितीत येते.

शिकवण्याची रीत : सुरुवातीला तीन-चार सेंमी. लांबीचा खडूचा किंवा पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा द्यावा. तो मुठीत धरता येत नाही, त्यामुळे तीन बोटांनीच धरावा लागतो. मोडलेले तुकडे टाकून न देणाऱ्या बाई मुलांचे मोठेच काम करतात. दुसरा उपाय म्हणजे कापसाचा बोळा अनामिका व करंगळीखाली धरायला सांगणे. ती दोन बोटे आपोआप बाजूला राहतात. शिसपेन्सिल मऊ शिशाची असावी म्हणजे दाब कमी लागतो. तिकोनी पेन्सिलीवर बोटांना जागा सापडते. सतरंजीवर बसून लिहिणाऱ्या मुलापुढे उतरती फळी किंवा पाट ठेवावा. जमिनीवरच्या वहीवर वाकून लिहिताना हाताला टेका मिळत नाही. आधी रेघा, अर्धगोल आणि वळणे, त्यानंतर ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरे घ्यावीत. दर वेळी पाच-दहा मिनिटे पुरतात.

डावखुरी मुले : डाव्या हाताने लिहिणे हा दोष नाही आणि तो हात बदलायला लावू नये. अशा मुलाने पेन्सिल टोकापासून तीन-चार सेंमी. वर धरावी, म्हणजे लिहिलेले दिसते. वही वरचा डावा कोपरा उंच येईल अशी तिरपी ठेवावी, उजेड उजवीकडून यावा. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही.

मर्यादा : तीन बोटांची पकड ही एकमेव योग्य पकड नाही. कॅनडात चौथीच्या मुलांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन बोटांच्या व चार बोटांच्या पकडींमध्ये लेखनाचा वेग किंवा सुवाच्यता यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून निराळ्या पकडीसाठी मुलाला रागावणे किंवा हातावर मारणे सर्वस्वी चुकीचे आहे. हात दुखत असेल, मूल लवकर दमत असेल किंवा लिहिणेच टाळत असेल, तेव्हा पकडीत बदल करावा. सहा-सात वर्षांनंतरही बटण, चमचा आणि पेन्सिल या तिन्हींशी झगडावे लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.