शत्रूच्या घरची कात्री

लोणावळ्याजवळचे भुशीचे धरण पाहून आगगाडीने पुण्यास निघालेल्या प्रवाशास वाटेत पिंपरी स्थानक लागते. भुशीची कीर्ती सर्वतोमुखी आहे. पिंपरीची कीर्ती मात्र निराळ्या प्रकारची. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पेनिसिलिन या देशात तयार होऊ लागले.

पेनिसिलिन ही बुरशीची देणगी. फ्लेमिंगने तिचा शोध १९२८ साली लावला. परंतु ते औषध रोग्यांस सर्रास मिळू लागण्यापूर्वीच, १९४० साली, एब्रहॅम व चेन यांनी दाखवून दिले की, काही जंतू एक विकर, म्हणजे एन्झाइम, निर्माण करून पेनिसिलिनचाच नाश करतात. औषधाचा वापर वाढला, तसे हे जंतूही माजले.

यावर उपाय कोणता? पेनिसिलिनच्या रेणूस एक गाभा असतो व त्यास एक शेपटी जोडलेली असते. हा गाभा वेगळा केल्याचे वृत्त इंग्लंडातील बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यास नव्या शेपट्या जोडताच मेथिसिलिन, अँपिसिलिन अशी नवी औषधे जन्मास आली. प्रश्न उरला तो गाभा विपुल मिळविण्याचा. रासायनिक रीतीस शून्याखाली चाळीस अंशांची थंडी व दाहक द्रव्ये लागत. उलट आपल्या आतड्यांत राहणाऱ्या कोलाय जंतूचे एक विकर कोमट पाण्यात तेच काम करते: शेपटी नेमकी कापते, गाभ्यास धक्का लावीत नाही. पाण्यात विरघळलेले विकर एकदा वापरले की वाया जाई; म्हणून ते घन कणांस बांधून पुनःपुन्हा वापरण्याची युक्ती निघाली. या विद्येत पिंपरीच्या कारखान्यातील आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी दीर्घ काळ परिश्रम केले.

औषध बुडविणारे विकर जंतूंचे आणि त्यास नवा जन्म देणारे विकरही जंतूंचेच! शत्रूच्या घरची कात्री मनुष्याने अशी आपल्या कामी लावली.

पुढे मात्र स्वस्त चिनी मालापुढे देशी उत्पादन टिकले नाही. पेनिसिलिन व त्याचा गाभा यांसाठी देश बव्हंशी परावलंबी झाला आणि २०२० साली सरकारास देशी उत्पादनास उत्तेजन देणारी योजना आखावी लागली. विद्या संपादन करणे कठीण खरे. पण संपादिलेली विद्या राबती ठेवणे त्याहून कठीण, हाच पिंपरीच्या इतिहासाचा बोध होय.