हौसेचे मोल : अमेरिकेतील हौशी उड्डाण आणि सरकारी तिजोरी

१/
२७ डिसेंबर १९३८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एक योजना जाहीर केली. दरवर्षी २०,००० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विमान चालवण्यास शिकवायचे आणि त्याचा जवळजवळ सारा भार सरकारने उचलायचा. विद्यार्थ्याच्या खिशातून जायचे ते फार तर चाळीसेक डॉलर. उड्डाण ही तोवर श्रीमंतांची हौस होती. ती एकाएकी शेतकऱ्याच्या मुलाच्या आवाक्यात आली.

२/
कल्पना नवी नव्हती. ब्रिटनने १९२५ पासून छोट्या विमानांच्या क्लबांना अनुदान देण्यास प्रारंभ केला होता. त्याच धर्तीवर हिंदुस्थान सरकारनेही क्लबांना साहाय्य केले आणि मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब उभा राहिला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिला परवाना मिळाला, तो याच काळात.

३/
अमेरिकी योजनेचे नाव 'नागरी वैमानिक प्रशिक्षण कार्यक्रम'. ७२ तास वर्गातील शिक्षण, ३५ ते ५० तास प्रत्यक्ष उड्डाण. १९३९ च्या आरंभी १३ महाविद्यालयांतील ३३० विद्यार्थ्यांवर तिचा प्रयोग झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कायदा संमत झाला. अधिकृत हेतू नागरी विमानविद्येची वाढ, एवढाच सांगितला गेला. युरोपात काय शिजत आहे हे मात्र सर्वांना दिसत होते. अमेरिकेने युद्धापासून दूर राहावे असे म्हणणाऱ्यांना या 'नागरी' शब्दाचा संशय येत होता, आणि तो निराधार नव्हता.

४/
तरीही या चाळीस डॉलरांनी जे घडवले ते केवळ लष्करी हिशेबात मावणारे नाही. दहा पुरुषांमागे एक स्त्री, या प्रमाणात मुलींना प्रवेश मिळाला. अलाबामातील टस्कीगीसारख्या कृष्णवर्णीयांच्या संस्था योजनेत आल्या. त्या काळी अमेरिकी लष्कर कृष्णवर्णीय माणूस वैमानिक होऊ शकतो हेच मानायला तयार नव्हते. मार्च १९४१ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला गेल्या आणि तेथील मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्या विमानात, भोवतालच्या लोकांची नाराजी पत्करून, बसल्या. त्या छायाचित्राने अनेकांची तोंडे बंद केली.

५/
ओहायो राज्यातील जॉन ग्लेन नावाचा विद्यार्थीही १९४१ मध्ये याच योजनेतून परवाना घेऊन बाहेर पडला. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकी अंतराळवीर तो हाच.

६/
१९४१ च्या मध्यापासून मुलींना प्रवेश बंद झाला. पर्ल हार्बरनंतर 'नागरी' हा शब्दही गळून पडला आणि योजना उघडपणे युद्धसेवेची झाली. १९४४ पर्यंत ४,३५,१६५ जणांनी तिच्यातून शिक्षण घेतले. इतक्या लोकांना विमान चालवण्यास शिकवण्याचा खर्च कोणत्याही सरकारने केवळ त्यांच्या आनंदासाठी केला नसता, हे उघड आहे.

७/
युद्ध संपले, पण पैशाचा ओघ लगेच आटला नाही. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च 'जी. आय. बिल' या कायद्याने सरकार देत होते, आणि त्या शिक्षणात उड्डाणही बसत असे. गावोगावी उड्डाणशाळा निघाल्या. लष्कराला नकोशी झालेली शेकडो धावनक्षेत्रे नगरपालिकांना फुकट मिळाली. अट एवढीच की, तेथे विमानतळच चालवायचा. १९४६ मध्ये विमानतळांना केंद्रीय अनुदान देणारा कायदा आला. त्या एका वर्षात तीस हजारांहून अधिक छोटी विमाने विकली गेली. मोटारीप्रमाणे घरोघरी विमान येणार, असे कारखानदारांना खरोखर वाटत होते.

८/
मग हिशेबनीस जागे झाले. सैनिक सरकारी पैशाने शिकतात, आणि शिकून रविवारी बायकामुलांना आकाशात फिरवून आणतात, अशी ओरड सुरू झाली. जून १९४८ च्या अखेरीस संसदेने ठरवले की, १ जुलैपासून 'छंदाच्या अथवा मनोरंजनाच्या स्वरूपाच्या' शिक्षणासाठी हा पैसा मिळणार नाही. उड्डाण शिकायचे असेल तर ते उपजीविकेसाठी लागते, हे सैनिकाने दाखवून द्यायचे.

९/
या इतिहासाचा सांधा येथे आहे. विमान तेच, धावपट्टी तीच, शिकणारा माणूसही बहुधा तोच. पण सरकारच्या लेखी १९४३ मध्ये तो राष्ट्राची गरज होता आणि १९४८ मध्ये मौज करणारा ठरला. १९४८ मध्ये छोट्या विमानांची विक्री सात हजारांच्या आसपास आली. तिचे कारण केवळ हा कायदा नव्हे, कारण घसरण आदल्या वर्षीच सुरू झाली होती. पण उड्डाणशाळांच्या पायाखालची जमीन मात्र त्याने काढून घेतली.

१०/
पुढे १९६७ मध्ये सैनिकांच्या उड्डाणशिक्षणाला पुन्हा मदत मिळू लागली. खर्चाचा ९० टक्के भाग सरकारचा, मात्र पहिला खासगी परवाना आधी स्वतःच्या पैशाने मिळवायचा. हौस स्वतःची, धंदा सरकारचा, अशी ती विभागणी होती. १९८१ मध्ये तीही मदत थांबली.

११/
दरम्यान दुसरा प्रश्न उभा राहिला होता. शिक्षणाचे राहू द्या. आकाशातील वाहतूक सांभाळणारे नियंत्रक, दिशादर्शक मनोरे, हवामानाची माहिती, धावपट्ट्या यांचा खर्च कोणी द्यायचा? १९६८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या आकाशात जेट विमाने उतरण्याची वाट पाहत तासन्‌तास घिरट्या घालत होती, आणि त्याच रांगेत चार आसनांचे एखादे खासगी विमानही असे.

१२/
तेथील विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीने ऑगस्ट १९६८ मध्ये गर्दीच्या वेळी छोट्या विमानांचे किमान अवतरणशुल्क ५ डॉलरवरून २५ डॉलर केले. परिणाम तत्काळ दिसला. गर्दीच्या तासांतील छोट्या विमानांची ये-जा जवळजवळ तृतीयांशाने घटली. विमानमालक व वैमानिकांची संघटना (एओपीए) न्यायालयात गेली आणि हरली. अर्थशास्त्राचे अध्यापक हे उदाहरण आजही कौतुकाने सांगतात. हौशी वैमानिकांनी त्यातून वेगळाच धडा घेतला : शुल्क हे केवळ खर्च भागवण्याचे साधन नाही, नको असलेल्याला दाराबाहेर ठेवण्याचेही आहे.

१३/
२१ मे १९७० रोजी रिचर्ड निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने अमेरिकेची व्यवस्था ठरवली. विमानतळ व हवाईमार्ग यांच्यासाठी वेगळा विश्वस्त निधी निघाला. प्रवाशांच्या तिकिटावर ८ टक्के कर बसला. खासगी विमानांच्या इंधनावर गॅलनमागे ७ सेंट आणि विमानामागे वर्षाला २५ डॉलर अधिक वजनानुसार काही रक्कम. हा वार्षिक कर पुढे गेला, इंधनकर राहिला. १९९३ पासून तो विमानाच्या पेट्रोलवर गॅलनमागे १९.३ सेंट आहे.

१४/
निधीतला सिंहाचा वाटा तिकिटांवरील कराचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या प्रवाशांचा. कंपन्यांचा आक्षेप साधा आहे : आमच्या प्रवाशाच्या पैशाने उद्योगपतींची खासगी जेट उडतात. तो आक्षेप जेटपुरता बराच खरा आहे. नियंत्रकाला दीडशे प्रवाशांचे विमान आणि सहा जणांचे जेट यांच्यासाठी पडणारे काम सारखेच असते.

१५/
पण रविवारी गवताच्या धावपट्टीवरून उडणारा वैमानिक अनेकदा नियंत्रकाशी बोलतच नाही. त्याची बाजू अशी की, एवढी अवाढव्य व्यवस्था त्याच्यासाठी उभारलेली नाही. तो उद्या नाहीसा झाला तरी तिचा खर्च फारसा घटणार नाही. त्याचे दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे. हवामानाची माहिती विचारण्याचे, मनोऱ्याशी बोलण्याचे, ढग आले तर जवळच्या विमानतळावर उतरण्याचे पैसे पडू लागले, तर लोक नेमके तेच टाळतील. चार पैसे वाचवण्यासाठी माणूस ढगात शिरेल. पंपावरच्या करात हा धोका नाही, कारण तो मदत मागण्याशी जोडलेला नाही. शिवाय वसुलीसाठी कारकुनांची फौजही लागत नाही.

१६/
हिशेबच करायचा तर : चार आसनांचे साधे सेसना तासाला सुमारे नऊ गॅलन पेट्रोल पिते. म्हणजे कर ताशी पावणेदोन डॉलरच्या आतच. २००७ मध्ये बुश सरकारने हा दर गॅलनमागे १९.३ वरून ७०.१ सेंट करण्याचा आणि जोडीला वापरशुल्क आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. २०११ मध्ये ओबामा सरकारने दर उड्डाणास १०० डॉलरचे शुल्क सुचवले. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना त्यातून सूट होती. तरीही हौशी वैमानिकांनी कडाडून विरोध केला, कारण सूट काढून घ्यायला एक दुरुस्ती पुरते, हे त्यांना ठाऊक होते. एरवी कशावरही एकमत नसलेले दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी या विरोधात एकत्र आले.

१७/
शेजारच्या कॅनडाने १९९६ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रण 'नॅव्ह कॅनडा' या ना-नफा खासगी संस्थेकडे सोपवले. ती छोट्या विमानांकडून दर उड्डाणाऐवजी ठरावीक रक्कम घेते, आणि तेथील हौशी उड्डाण काही नामशेष झालेले नाही. हे उदाहरण अमेरिकी वैमानिकांच्या भाषणांत क्वचितच येते. अमेरिकेतही तसा बदल करू पाहणारे २०१७ चे विधेयक मात्र मतदानापर्यंत न पोहोचताच फेब्रुवारी २०१८ मध्ये सोडून देण्यात आले.

१८/
सरकारी पैशाबरोबर येणारी बंधने हौशी वैमानिकाला करापेक्षाही मोलाची वाटतात. केंद्रीय अनुदान घेणाऱ्या विमानतळाला तो ठरलेली वर्षे चालू ठेवावाच लागतो. शिकागोत, मिशिगन सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड होते. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्रीनंतर महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या उकरल्या. सकाळी तेथे उभी असलेली विमाने अडकून पडली. पूर्वसूचना न दिल्याबद्दल शहराला दंड झाला ३३,००० डॉलर, कारण कायद्यात तेव्हा दिवसाला ११०० डॉलरहून अधिक दंडच नव्हता. संसदेने तो पुढे दिवसाला १०,००० केला. विमानतळ परत आला नाही. तेथे आज बाग आहे.

१९/
ताजा वाद आणखी वेगळ्या वाटेने आला. १ जानेवारी २०२० पासून गजबजलेल्या आकाशात शिरणाऱ्या प्रत्येक विमानाला आपली ओळख व स्थान सतत प्रक्षेपित करणारे उपकरण सक्तीचे झाले. टक्कर टळावी, म्हणून. छोट्या विमानांच्या मालकांनी ते आपल्या खर्चाने बसवले. काही विमानतळांनी आता तेच प्रक्षेपण पकडून, विमान कोणाचे व कितीदा उतरले हे मोजून, घरपोच अवतरणशुल्काची बिले पाठवण्यास प्रारंभ केला आहे. एकामागून एक उतरण्याचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक अवतरणाचे वेगळे बिल येऊ शकते. अशा वसुलीस मनाई करणारे विधेयक अमेरिकी संसदेत मांडले गेले आहे. पंपावरचा १९.३ सेंटचा दर अद्याप तोच आहे.