पगारातून कापलेला कर सरकारकडे पोचतो का? टीडीएसच्या चलनाची गोष्ट

पगाराच्या स्लिपवर ‘टीडीएस’ अशी एक ओळ असते. पैसे कापले एवढं ती सांगते. ते सरकारकडे भरले का, हे मात्र तिच्यावरून कळत नाही. कापणं वेगळं आणि भरणं वेगळं. या दोन्हींमध्ये पैसा मालकाच्या खात्यात पडून असतो, आणि सगळी भानगड तिथेच होते. पोस्ट मोठी आहे, पण पगारदार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

युक्ती मूळची इंग्रजांची. फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागवायला पंतप्रधान पिट यांनी १७९९ मध्ये प्राप्तिकर सुरू केला. आपलं उत्पन्न आपणच सांगायचं होतं, त्यामुळे लोकांनी हात राखूनच सांगितलं. १८०३ मध्ये अ‍ॅडिंग्टन यांनी दर १० टक्क्यांवरून ५ वर आणला, पण पैसा जिथून निघतो तिथेच कर कापायची सोय केली. कुळाने मालकाला भाडं देतानाच कर वजा करायचा. दर निम्मा होऊनही वसुली जवळपास पूर्वीइतकीच झाली! हा धडा सरकारं पुढे कधी विसरली नाहीत.

आपल्याकडे १८५७ च्या उठावानंतर तिजोरीत खडखडाट होता, म्हणून जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. १८८६ च्या कायद्यात सरकारी नोकरांच्या पगारातून आणि पेन्शनमधून कर परस्पर कापायची व्यवस्था होती. तिथे काही अडचण नव्हती, कारण कापणारंही सरकार आणि घेणारंही सरकार. अडचण सुरू झाली ती हे काम खासगी मालकाकडे आल्यावर.

१९६१ च्या आयकर कायद्याखाली यादी वाढतच गेली. पगार होताच, मग व्याज आलं, १९७२ मध्ये कंत्राटदार आले, १९९० च्या दशकात भाडं आणि व्यावसायिकांची फी आली. जून २०१३ पासून ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेणारा साधा माणूसही विकणाऱ्याचा कर कापू लागला. २०१७ पासून महिना ५० हजारांच्या वर भाडं भरणारा भाडेकरूही त्यात आला. म्हणजे सरकारच्या वसुलीचं काम आपणच करतो, तेही बिनपगारी. चूक झाली तर दंड वेगळा.

आता चलनाकडे येऊ. कागदी जमान्यात ते चार प्रतींत भरावं लागे. बँकेची रांग, शिक्का, मग एक प्रत आयकर कार्यालयाकडे आणि तिथे हाताने जुळवाजुळव. कर्मचारी आपल्या विवरणपत्राला मालकाने दिलेलं सर्टिफिकेट जोडायचा. त्यामागे खरंच पैसे भरलेत का, हे तपासणं अवघड होतं.

२००२ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलाने यावर उपाय सुचवला : करांच्या माहितीचं देशभर एकच जाळं उभारा. हे काम एनएसडीएलकडे गेलं. पॅनचा अर्ज पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या पत्त्यावर पाठवल्याचं अनेकांना आठवत असेल, तीच ही संस्था. जून २००४ मध्ये ‘ओल्टास’ सुरू झालं. चार प्रतींची एक प्रत झाली. बँक शाखेचा सात अंकी कोड, भरल्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक, या तिन्हींवरून कुठलंही चलन शोधता येऊ लागलं. १ एप्रिल २००८ पासून कंपन्यांना आणि ज्यांना टॅक्स ऑडिट लागतं त्यांना ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं. २०२२ पासून हे काम आयकर विभागाच्या पोर्टलवरच ‘ई-पे टॅक्स’मध्ये आलं. टॅन नंबरने लॉगिन करा, प्रकार निवडा, रक्कम टाका, नेट बँकिंगने भरा. मुदत पुढच्या महिन्याची ७ तारीख, मार्चसाठी ३० एप्रिल. कापून उशिरा भरलं तर महिना दीड टक्का व्याज.

मग आता सगळं ठीक आहे का? नाही. मालक जे मासिक चलन भरतो त्यात कर्मचाऱ्यांची नावंच नसतात, एकगठ्ठा रक्कम असते. नावं आणि पॅन येतात तीन महिन्यांनी भरायच्या विवरणपत्रात. ते भरल्यावरच तुमच्या २६एएसमध्ये नोंद दिसते. तोवर मालकाने पैसे वापरले तरी तुम्हाला पत्ता नसतो. किंगफिशर एअरलाइन्सने तेच केलं. पगारातून टीडीएस कापला, पण सरकारकडे भरला नाही.

अशा वेळी भुर्दंड कुणाला? १९६१ च्या कायद्याच्या कलम २०५ ने सरळ सांगितलं होतं की कर कापला गेला असेल तर तो पुन्हा कर्मचाऱ्याकडे मागायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तेच म्हटलं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा बजावलं. पण त्याच कायद्याचं कलम १९९ म्हणायचं की कापून ‘भरलेल्या’ कराचंच क्रेडिट. संगणक हे दुसरं कलम पाळतो. नोंद नाही म्हणजे क्रेडिट नाही, आणि डिमांडची नोटीस कर्मचाऱ्याच्या नावाने.

कागदाच्या काळात सरकारला कळायला मार्ग नव्हता, हे एकवेळ मान्य. आज कुठल्या टॅनवरून किती पैसे आले, हे सरकारला लगेच दिसतं. घर घेणाऱ्याच्या चलनात विकणाऱ्याचा पॅन टाकावा लागतोच, मग पगाराच्या चलनासोबत पॅनवार यादी दर महिन्याला का घेऊ नये? कर भरला की कर्मचाऱ्याला मेसेज यावा. ७ तारीख उलटली आणि भरला नाही, तर नोटीस मालकाला जावी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. मागणी लावून धरायची तर हीच.

तोपर्यंत एवढं करा. ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनमध्ये आपलं २६एएस उघडून स्लिपशी ताडून बघा. स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा, कर कापला याचा पुरावा तोच. तफावत दिसली तर ऑफिसला लेखी विचारा, तोंडी नको. डिमांड आलीच तर घाबरून भरू नका, पोर्टलवर ‘मान्य नाही’ असं उत्तर देऊन पुरावे जोडा.

नोकरीला नुकतंच लागलेलं कुणी घरात असेल तर त्यांना ही पोस्ट जरूर पाठवा.