कमरेचा चाकू : गरिबाच्या अवजाराचा पाच हजार वर्षांचा इतिहास

१/ सप्टेंबर १९९१. इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतातील एका हिमनदीत दोन गिर्यारोहकांना एक मृतदेह दिसला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा निघाला. ‘ओट्झी’ या नावाने तो आज जगाला ठाऊक आहे. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होते आणि एक लहानसा चाकूही होता.

२/ चकमकीच्या दगडाचे पाते, ॲश झाडाच्या लाकडाची मूठ आणि लिंडन झाडाच्या सालीच्या तंतूंनी विणलेले म्यान. मुठीसह लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, टोक तुटलेले. त्याच्या दगडी हत्यारांना पुन्हा पुन्हा धार काढून ती पार झिजत आली होती आणि चांगला दगड त्याला बरेच दिवस मिळालेला नसावा, असा निष्कर्ष २०१८ साली संशोधकांनी मांडला.

३/ आज कमी पैशांत रोजच्या वापराचा चाकू घेऊ पाहणारा माणूस चार प्रश्न विचारतो. पाते कशाचे? ते मुठीत कसे बसवले आहे? म्यान कसे आहे? आणि धार गेली तर ती घरी लावता येईल का? ओट्झीसमोरही हेच चार प्रश्न होते. त्यांची उत्तरे मात्र दर युगात बदलत गेली. या थ्रेडमध्ये त्या उत्तरांचा मागोवा घेतला आहे.

४/ प्रथम एक भेद. चाकू दोन प्रकारचे : घडीचा आणि अखंड. घडीचे चाकू रोमन काळातही होते. परंतु घडी म्हटली की सांधा आला, खिळा आला, कारागिराचे जास्तीचे कष्ट आले. अखंड चाकूत हलणारा भाग एकही नसतो. म्हणून तो मजबूत, धुवायला सोपा आणि स्वस्त. त्याची एकच अट : त्याला म्यान हवे.

५/ पहिला प्रश्न पात्याचा. मध्ययुगीन युरोपात लोखंड मिळत असे; पोलाद मात्र दुर्मिळ आणि महाग होते. नुसत्या मऊ लोखंडाला धार टिकत नाही. लोहारांनी तोड काढली : पात्याची पाठ लोखंडाची आणि धारेपुरती पोलादाची पट्टी, दोन्ही भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेली. इंग्लंडमधील यॉर्क शहरात, कॉपरगेट येथील उत्खननात व्हायकिंग काळातील असे चाकू मिळाले आहेत.

६/ दुसरा प्रश्न मुठीचा. पात्याचा मागचा निमुळता भाग, म्हणजे त्याची शेपटी, लाकडी मुठीत ठोकून बसवायची ही जुनी रीत. तिला धातू कमी लागतो. लंडनच्या उत्खननांत चौदाव्या शतकापासून दुसरी रीत वाढत गेलेली दिसते : शेपटी मुठीएवढी रुंद आणि तिच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटने जडवलेल्या फळ्या. ही मूठ भक्कम. पण धातू जास्त, म्हणून किंमतही जास्त.

७/ त्या काळात असा चाकू जवळजवळ प्रत्येकाच्या पट्ट्याला असे, स्त्रियांच्याही. जेवायला बोलावणारा यजमान ताटाबरोबर सुरी देत नसे. पाहुणा आपली घेऊन येई. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने रंगवलेला एक गिरणीवाला पायमोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून फिरतो. शेफिल्डचे नाव तेव्हाच चाकूशी जोडले गेले होते, याचा हा सुंदर पुरावा.

८/ लंडनमध्ये पाते घडवणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, म्यान शिवणारा वेगळा. हे सारे जुळवून विकणाऱ्या कटलरांच्या संघाला १४१६ साली राजा पाचव्या हेन्रीची सनद मिळाली. शेफिल्डच्या परिसरातील कारागिरांचा संघ १६२४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाला. पात्यावर कारागिराची खूण उमटू लागली. ‘ब्रँड पाहून घेणे’ ही सवय काही आजची नव्हे.

९/ पुढे जेवणाची रीत बदलली. सतराव्या शतकात काटे आले, यजमानच सुऱ्या मांडू लागला. १६६९ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने टोकदार चाकूंवर बंदी घातली आणि टेबलावरच्या सुरीचे टोक गोल झाले. शहरी माणसाच्या कमरेचा चाकू हळूहळू उतरला.

१०/ उत्तरेच्या जंगलांत मात्र तो राहिला. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड येथे लाकूड तासणे, मासा साफ करणे, कातडे सोलणे, भाकरी कापणे या साऱ्यांना एकच पाते पुरे. फिनिश भाषेत ‘पू’ म्हणजे लाकूड. तिथल्या चाकूचे ‘पूक्को’ हे नाव त्याच शब्दाशी जोडले जाते. चाकूची ओळख लाकूडकामावरून!

११/ आता स्वीडनच्या दालार्ना प्रांतात येऊ. इथे वारसाहक्काने जमिनीच्या वाटण्या होत होत शेते चिंधीएवढी झाली. केवळ शेतीवर पोट भरेना. मग गावागावाने एकेक कसब धरले. सिल्यान सरोवराकाठच्या मोरा परिसरात कुठे टोपल्या, कुठे घड्याळे, कुठे धातुकाम. उरलेले लोक हंगामी मजुरीला बाहेर पडत. कोकणातील किंवा मराठवाड्यातील वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये.

१२/ मोराजवळच्या ओस्टनोर गावचा फ्रॉस्ट-एरिक एर्सन चार वर्षे अमेरिकेत लाकूडतोड करून परतला आणि १८९१ साली त्याने कारखाना काढला : ओंडके वाहणाऱ्या घसरगाड्यांचा. त्याच कारखान्यात चाकूही होऊ लागले आणि पुढे चाकूच मुख्य झाले. १९१२ साली त्याच गावात क्रोंग-युहान एरिकसनने दुसरा कारखाना उभारला.

१३/ त्याआधीच पोलादाचे गणित पालटले होते. १८५६ साली बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत जाहीर केली. पण स्फुरदयुक्त लोखंडामुळे अनेकांचे पोलाद ठिसूळ निघाले. स्वीडनच्या खनिजात स्फुरद अत्यल्प. १८५८ साली योरान योरानसनने तिथे ती रीत यशस्वी केली आणि १८६२ साली सँडविकेन येथे पोलादाचा कारखाना सुरू झाला. एकेकाळचा मौल्यवान धातू आता टनावारी मिळू लागला.

१४/ तरीही मोराच्या कारागिरांनी काटकसरीची सवय सोडली नाही. त्यांच्या प्रसिद्ध पात्यात मधोमध कठीण पोलादाचा पातळ थर आणि दोन्ही बाजूंना मऊ पोलाद असते. मधला थर धार धरतो, बाजूचे थर पात्याला तुटू देत नाहीत. मध्ययुगीन लोहाराची युक्तीच इथे नव्या रूपात दिसते. मूठ बर्च लाकडाची, पिंपाच्या आकाराची, बहुधा लाल रंगवलेली.

१५/ पात्याच्या उताराकडेही पाहावे. दोन्ही बाजूंना एकेक रुंद सपाट उतार, थेट धारेपर्यंत. हा उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. नवशिक्यालाही धार लावता येते. ज्या गावात धारवाला येत नाही, तिथल्या माणसासाठी केलेली ही रचना आहे.

१६/ जुन्या मोरा चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये आडवा अडथळाही नाही. लाकूड तासताना हात पुढेमागे सरकवावा लागतो. अडथळा कामात येतो. तो लागतो भोसकताना, हात पात्यावर घसरू नये म्हणून. हा चाकू कशासाठी बनला आणि कशासाठी नाही, हे त्याची मूठच सांगते.

१७/ १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने गंजरोधक पोलाद बनवले आणि पुढे निवडीचा आणखी एक प्रश्न आला. साधे कार्बन पोलाद सहज धारदार होते; पण पुसून, तेल लावून ठेवले नाही तर गंजते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओल सोसते. कोरड्या लाकूडकामाला पहिले, मासळी आणि दमट हवेला दुसरे, असा सरळ हिशेब.

१८/ मोराचे जुने कारखाने २००५ साली एक झाले. २०१६ पासून कंपनीचे नाव ‘मोराकनीव्ह’, म्हणजे ‘मोराचा चाकू’. आज प्लास्टिकची मूठ, प्लास्टिकचे म्यान आणि सुमारे १० सेंटिमीटर पाते असलेला तिचा साधा चाकू जगभरच्या सुतारांकडे आणि भटक्यांकडे दिसतो. शेपटी मुठीच्या आत दडलेली असल्याने कापण्याचे काम तो उत्तम करतो. त्यावर हातोडा मारून ओंडके फोडायला मात्र रुंद शेपटीचा, महागडा चाकू हवा.

१९/ या इतिहासाला काळी बाजूही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फिनलंडच्या दक्षिण ओस्ट्रोबोथ्निया भागात चाकूबहाद्दर गुंडांनी दहशत माजवली. त्यांना ‘पूक्कोयुंक्कारी’ म्हणत. लग्नसमारंभात घुसून मारामाऱ्या, भोसकाभोसकी. त्यांतले अंटी इसोटालो आणि अंटी रान्नान्यार्वी तर लोकगीतांत जाऊन बसले. अवजार तेच होते. ते धरणारा हात बदलला होता.

२०/ त्याच भागातील कौहावा गावात १८७९ साली ईसाक्की यार्वेनपा याचा चाकूंचा कारखाना निघाला आणि गाव चाकूंसाठी प्रसिद्ध झाले. लाकूड तासणाऱ्याचा आणि रक्त सांडणाऱ्याचा चाकू एकाच भागातला. कायद्याला पुढे हाच पेच सोडवायचा होता.

२१/ योगायोग असा, की इंग्लंड आणि स्वीडन या दोन्ही देशांत याविषयीचा कायदा १९८८ सालचा. इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी पाते बाळगता येत नाही; सूट फक्त तीन इंचांपर्यंत धार असलेल्या घडीच्या छोट्या चाकूला. स्वीडनमध्येही कामाचे कारण दाखवावे लागते. मोराच्या देशातच मोरा कमरेला लावून हिंडणे आता सहज राहिलेले नाही.

२२/ महाराष्ट्रात या चाकूचा भाऊबंद म्हणजे कोयता. सह्याद्रीतील आणि कोकणातील कष्टकरी माणूस कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवून रानात जातो. आकडी हेच त्याचे म्यान. ऊसतोडीत तर नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल कोयत्यामागे ठरते. अवजाराचे नाव माणसालाच लागावे, इतके ते श्रमाशी एकरूप झाले.

२३/ आणि हाच शब्द गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ म्हणून येतो. भारतातील शस्त्रनियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र ठरतो. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात लहान चाकू बाळगणेही गुन्हा ठरू शकते. म्हणून चाकू घेण्याआधी पाचवा प्रश्न : तो बाळगायचा कुठे आणि कोणत्या कामासाठी?

२४/ रान, शेत, सुतारकाम, ट्रेक यांपैकी उत्तर असेल तर साधे, छोटे, घरी धार लावता येणारे पाते घ्यावे. काम संपले की म्यानात घालून पिशवीत ठेवावे. ‘स्वसंरक्षणासाठी’ असे उत्तर असेल, तर पुन्हा एकदा ओट्झीकडे पाहावे. २००१ साली त्याच्या क्ष-किरण तपासणीत डाव्या खांद्यात रुतलेले बाणाचे टोक दिसले. कोणीतरी मागून, दुरून बाण मारला होता. चाकू जवळ असूनही तो वाचला नाही.

२५/ त्या चाकूने त्याला जे दिले, ते त्याआधीच्या दिवसांत : कापलेले मांस, तासलेले लाकूड, तोडलेली दोरी. झिजलेल्या पात्याला तो जपून धार काढत राहिला, कारण दुसरे परवडणारे नव्हते. कमरेच्या चाकूचा पाच हजार वर्षांचा इतिहास मुख्यतः अशा माणसांचा आहे.

#इतिहास #थ्रेड #मराठी