बोळा, ब्रश आणि स्पंजचे टोपण

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा सुरू होतात. त्या सुमारास आरमोरीसारख्या तालुक्याच्या गावी जनरल स्टोअर्समध्ये वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी काळ्या पॉलिशच्या लहान बाटल्या मांडलेल्या दिसतात. बाटलीचे झाकण काढले की आत स्पंजची गादी असलेले टोपण असते. बाटली उलटी धरायची, स्पंज बुटावर टेकवून फिरवायचा, की झाले काम. ब्रश नको, फडके नको, हात काळे होणे नको.

या बाटलीतील पॉलिश कशाचे असते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा. पण त्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही: हे टोपण नेमके काय करते? बाटली उलटी केल्यावर सगळे पॉलिश एकदम सांडत का नाही आणि घासल्यावर हवे तेवढेच बाहेर कसे येते? पॉलिश तयार करणे माणसाला पुष्कळ आधी जमले. ते पातळ, एकसारखे आणि योग्य मापात लावणे मात्र फार काळ कारागिराच्या बोटांवर अवलंबून राहिले. बोटांचे हे कसब हळूहळू एका टोपणात कसे उतरले, ते या लेखात पाहू या. त्याची सुरुवात आरमोरीच्या परिसरातील जंगलापासूनच करता येते.

पळसाच्या फांदीवरून

आरमोरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडासाठी या गावाचे नाव आहे. टसरचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढतो. याच जंगलपट्ट्यात पळस आणि कुसुम ही झाडेही भरपूर आहेत आणि त्यांच्यावर दुसरा एक उपयोगी किडा वाढू शकतो. तो म्हणजे लाखेचा किडा, केरिया लॅका. त्याची तांबडी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिले कोवळ्या फांदीवर सोंड रोवून बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात. हजारो किड्यांची कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर जाड साल चढल्यासारखी दिसते. हीच लाख.

फांदीवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन तिचे दाणे करतात. या दाण्यांपासून चपडा करण्याची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. दाणे एका लांब, अरुंद कापडी पिशवीत भरतात. कोळशाच्या भट्टीपुढे पिशवी धरून तिला पीळ देतात. उष्णतेने लाख वितळते आणि पिळाच्या दाबाने कापडाच्या छिद्रांतून पाझरते. काडीकचरा आत राहतो. बाहेर आलेली लाख गरम असतानाच ताणून तिचा पातळ पापुद्रा करतात. त्याचे तुकडे म्हणजे सुतारांच्या परिचयाचा चपडा. दाब, कापड आणि छिद्रांतून मापात पाझरणारा द्रव ही त्रयी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

द्रवाशिवाय पॉलिश

लाकडाला लाख लावायची तर ती आधी द्रवात विरघळवलीच पाहिजे, असे मात्र नाही. यान हाउघेन फान लिन्सखोतेन हा डच गृहस्थ १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपांच्या पदरी होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने इकडच्या कातकाऱ्यांची, म्हणजे चरकावर लाकूड कातणाऱ्या कारागिरांची, पद्धत वर्णिली आहे. लाखेत रंग मिसळून तिच्या कांड्या करायच्या, फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग कोरड्या पात्याने घासले की ती काचेसारखी चमकते. पलंगाचे खूर असे रंगवीत असत.

या रीतीत कांडी हेच भांडे आणि कांडी हेच लावण्याचे साधन. लाख किती वितळावी हे चरकाचा वेग आणि हाताचा दाब ठरवतात. सांडण्याचा प्रश्नच नाही. मर्यादा एकच: वस्तू गोल हवी आणि ती फिरवता यायला हवी. टेबलाचा पृष्ठभाग किंवा कपाटाचे दार चरकावर चढवता येत नाही. तेथे द्रवच हवा.

कापसाचा बोळा

लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटमधील लाख लाकडावर चोळून आरशासारखी झळाळी आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधून इंग्लंडमध्ये पसरली. तिला 'फ्रेंच पॉलिश' हे नाव पडले आणि इंग्रजी अमदानीत ते आपल्याकडेही रुळले. नाव फ्रान्सचे असले तरी त्यातील चपडा मुख्यतः भारतातील जंगलांतून जात असे.

हे पॉलिश ब्रशने लावले तर केसांच्या रेघा उमटतात. म्हणून कारागीर कापसाचा बोळा घेतो, तो पॉलिशमध्ये भिजवतो आणि धुतलेल्या सुती कापडात सुरकुती न ठेवता गुंडाळतो. आतला कापूस ही टाकी. बाहेरचे कापड ही गाळणी. बोटांचा दाब ही झडप. दाब वाढवला की पॉलिश पाझरते, कमी केला की थांबते. बोळा गोलाकार फिरवायचा आणि एका जागी थांबू द्यायचा नाही; थांबला तर ताज्या स्पिरिटने खालचा थर विरघळतो आणि डाग पडतो. बोळा चिकटू लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब. काम संपले की बोळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे वाळत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो.

थर किती पातळ असतो याचा हिशेब वर्गात करता येईल. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. त्यावर १० मिलिलिटर, म्हणजे १० घन सेंटिमीटर द्रव सारखा पसरला, तर थराची जाडी ०.००१ सेंटिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. द्रवाच्या आकारमानात एक पंचमांश लाख असेल, तर स्पिरिट उडून गेल्यावर उरतात अवघे २ मायक्रॉन. म्हणूनच हातावर हात चढवावे लागतात. इतके बारीक माप बोटांच्या अंदाजाने राखणे हे शिकायला वर्षे लागणारे कसब होते.

बाटलीला स्पंज जोडला

बुटांची गोष्ट निराळी. बूट ज्याचे त्याला रोज चकचकीत करायचे असतात आणि त्यासाठी कोणी उमेदवारी करीत नाही. इंग्लंडमध्ये काजळी मिसळलेले बुटाचे काळे पॉलिश कारखान्यांत तयार होई. १८२४ मध्ये बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स लंडनच्या अशाच एका कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांच्या बुटांसाठी बाटलीतील द्रव पॉलिश आले. बाटलीच्या बुचाला खालून तार जोडलेली असे आणि तारेच्या टोकाला स्पंजचा लहान तुकडा. बूच काढले की स्पंज भिजलेला बाहेर येई. डिंकाच्या बाटलीतला किंवा नेलपॉलिशच्या झाकणातला ब्रश याच जातीचा.

यात सोय झाली, पण माप साधले नाही. स्पंज प्रत्येक वेळी बुडवायचा, काठावर निपटायचा आणि बाटली कलंडली तर सगळेच गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी डबीतले घट्ट मेणपॉलिश लोकप्रिय झाले, त्यामागे हेही एक कारण म्हणता येईल. 'किवी' पॉलिश मेलबर्नमध्ये १९०६ साली निघाले. मेणपॉलिशला मात्र ब्रश, फडके आणि हाताचा जोर लागतो. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर बूटपॉलिश करणाऱ्यांचा व्यवसाय या डबीच्या आणि ब्रशच्या आधाराने उभा राहिला.

हवेची वाट

बाटलीतून द्रव हळूहळू बाहेर यायचा असेल तर त्याच्या जागी हवा आत गेली पाहिजे. ती गेली नाही तर आतला दाब कमी होतो आणि बाहेरचा वातावरणाचा दाब द्रवाला अडवून धरतो. हवा भसकन आत गेली तर द्रवही भसकन बाहेर येतो. हाच पेच फाउंटनपेनमध्ये होता. लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये जिभलीला बारीक खाचा ठेवून शाई बाहेर आणि हवा आत अशी दुहेरी वाट करून दिली व त्याचे पेटंट घेतले.

पॉलिशच्या बाटलीला उपयोगी पडलेली सामग्री त्यानंतर अर्ध्या शतकाने हाती आली. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हाताने दाबता येणाऱ्या बाटल्या निघाल्या. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन तयार केले. त्याचा मऊ फोम १९५० च्या दशकात स्वस्त झाला. त्याच सुमारास अशा बाटल्यांचे भाईबंदही आले. अमेरिकेत सिडनी रोझेन्थाल यांनी १९५३ मध्ये शाईच्या बाटलीला नमद्याचे टोक बसवून मार्कर काढला, तर बॉलपेनची गोळी मोठी करून बाटलीच्या तोंडात बसवली तेव्हा घामाची दुर्गंधी टाळणारे रोल-ऑन तयार झाले.

स्पंजच्या टोपणात या सगळ्यांचा मेळ आहे. फोमची असंख्य बारीक छिद्रे केशाकर्षणाने द्रव धरून ठेवतात. फोमखालच्या चकतीला लहान छिद्रे असतात. काही टोपणांत स्प्रिंगची झडपही असते. स्पंज दाबला की ती उघडते, उचलला की मिटते. बाटली सैल सोडली की तीच हवा आत ओढून घेते. बोळ्याचा कापूस बाटली झाला, कापड फोम झाले आणि बोटांचा दाब झडपेकडे गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात अशी बाटली उघडताच पॉलिश बाहेर येते, असा अनुभव येऊ शकतो. तो बाटलीचा दोष नव्हे. बाटलीत ४० मिलिलिटर हवा आहे आणि तापमान २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले असे समजा. केल्व्हिनमध्ये हे २९८ वरून ३१८. म्हणजे हवेला सुमारे ७ टक्के, जवळजवळ ३ मिलिलिटर, जादा जागा हवी. ती तेवढे पॉलिश बाहेर ढकलून मिळवते. उपाय सोपा: बाटली सावलीत उभी ठेवावी आणि उघडतानाही उभीच धरावी.

कमावले काय, गमावले काय

या टोपणाने एक गोष्ट नक्की साधली. दहा वर्षांची मुलगी आपले बूट आपण चकचकीत करू शकते. तिला कसब शिकावे लागत नाही आणि दुसऱ्याच्या पायाशी कोणाला बसावे लागत नाही. हा फायदा लहान नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बोळा फाटला तर कापड बदलता येत असे. स्पंज फाटला तर बाटलीच फेकावी लागते, कारण बहुतेक टोपणे पुन्हा भरण्यासाठी केलेलीच नसतात. प्लॅस्टिक, फोम आणि कधी धातूची स्प्रिंग असे एकत्र जोडलेले पदार्थ वेगळे काढणेही कठीण.

तिसरी बाजू लाखेची. टाकणखार किंवा अमोनिया घातलेल्या गरम पाण्यात लाख विरघळते. त्यामुळे घासल्याशिवाय चमकणाऱ्या द्रव पॉलिशमध्ये मेणाबरोबर तिचा वापर झाला. पुढे ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम राळींनी तिची जागा बरीच व्यापली. लाखेवर असा प्रसंग आधीही आला होता. १८९० च्या दशकापासून ग्रामोफोनच्या तबकड्यांत लाख वापरली जाई. १९५० च्या दशकात व्हिनाइल आले आणि ती मागणी आटली. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संस्था निघाली. २००७ मध्ये तिचे नाव नैसर्गिक राळ व डिंक संस्था झाले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा बदलून तिचे क्षेत्र दुय्यम शेतीपर्यंत विस्तारले. तोंडाला टोपण लावलेल्या बाटलीत काय भरायचे हे कारखान्यात ठरते. त्याचा परिणाम पळसावरून लाख उतरवणाऱ्या घरापर्यंत पोचतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत लाख आणि टसरचे कोश यांची नावे आहेत. त्यामुळे हक्क कागदावर आला आहे. हक्काच्या मालाला गिऱ्हाईक मिळणे हा पुढचा प्रश्न आहे आणि तो विज्ञानाचाही आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. रिकाम्या मऊ बाटलीच्या झाकणाला खिळ्याने एक छिद्र पाडा. त्यावर फोमचा तुकडा ठेवून पातळ कापडाने व रबराने घट्ट बांधा. बाटलीत रंगीत पाणी भरून ती उलटी धरा. पाणी कधी गळते, कधी थांबते याची नोंद करा. मग दुसरे छिद्र पाडून फरक पाहा.

२. हाच प्रयोग काचेच्या बाटलीने करा. दाबता न येणाऱ्या बाटलीत हवा कोठून शिरते, बुडबुडे केव्हा दिसतात, ते पाहा. नंतर उलट्या बाटलीला बाहेरून कोमट पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळा आणि काय होते ते लिहा.

३. औषधाच्या मापाच्या झाकणाने ५ मिलिलिटर रंगीत पाणी घ्या. ते चौकटीच्या जाड कागदावर एका गटाने ब्रशने, दुसऱ्याने बोळ्याने आणि तिसऱ्याने स्पंजच्या टोपणाने पसरावे. रंगलेले चौरस मोजून थराची सरासरी जाडी काढा. कोणाचा थर सर्वांत पातळ, कोणाचा सर्वांत एकसारखा? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.

४. चपड्याचे तुकडे साध्या पाण्यात आणि टाकणखाराच्या गरम पाण्यात टाकून तुलना करा. गरम पाणी शिक्षकांनी स्वतः हाताळावे. स्पिरिट ज्वालाग्राही व विषारी असल्याने हा प्रयोग त्याच्याशिवायच करावा.

गावात जुना पॉलिशवाला सुतार असेल, तर त्याला एक दिवस शाळेत बोलवावे असेही आम्ही सुचवू. बोळा किती दाबायचा हे त्याच्या बोटांना कसे कळते, ते मुलांनी त्याच्याकडूनच ऐकावे आणि मग आपल्या नोंदींशी ताडून पाहावे.