युद्धकथेतील राक्षस : भोर-वेल्हे परिसरातील काही शब्दांचा पुरावा

युद्धाच्या धुमाळीत वावरणारा राक्षस हा भयचित्रकथांचा जुना विषय आहे. अमेरिकेत १९७१ ते १९८३ ह्या काळात ‘वीअर्ड वॉर टेल्स’ ही चित्रकथामाला ह्याच कल्पनेवर चालली. मराठीत अशी चित्रकथा कोणी स्वतंत्रपणे रचू म्हणेल, तर त्यास भोर व वेल्हे (आता राजगड) ह्या तालुक्यांतील डोंगरी प्रदेशाहून उचित स्थळ क्वचितच मिळेल. मात्र त्या राक्षसास चेहरा कोणाचा द्यावयाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार शब्दांच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम युद्धाला जवळच्या असलेल्या कागदांकडे वळू. भोर तालुक्यातील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या बाजूस उभे राहिले. ह्या घराण्याकडून मिळालेली व लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली तिथिवार देते, घटना देते आणि थांबते. तिची भाषा हिशेबाच्या वहीसारखी कोरडी आहे. ज्यांनी घरदार पणास लावले त्यांच्या दप्तरात शत्रू हा माणूसच आहे.

त्या काळी शत्रूसाठी रूढ असलेला ‘गनीम’ हा शब्दही येथे पाहण्यासारखा आहे. तो अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. ‘गनीमत’ म्हणजे लूट. तिच्याशी ह्या शब्दाचे नाते आहे. मोगलांच्या फारसी लेखनात मराठ्यांना गनीम म्हटले आहे आणि मराठी कागदांत आपल्या वैऱ्यास गनीमच म्हटले आहे. दोन्ही छावण्या परस्परांना एकाच शब्दाने ओळखत होत्या, ही गोष्ट अभ्यासकांनी विसरू नये.

राक्षस अवतरतो तो काव्यात व वार्तेत. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यात पुराणांचा साचा स्वीकारलेला असल्यामुळे नायक विष्णूचा अवतार ठरतो व प्रतिपक्ष दैत्यांचा. सभासदाने सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजी येथे बखर लिहिली. तिच्यात भवानीचा दृष्टान्त आहे. उलट बाजूसही हेच घडले. १६६४ च्या सुरतेच्या लुटीनंतर तेथील एका इंग्रज पाद्र्याने स्वदेशी धाडलेल्या पत्रात, लोकवार्तेने शिवाजीला वायुरूप देह व पंख बहाल केल्याचे म्हटले आहे. म्हणजे एकीकडचा अवतार दुसरीकडे अमानुष भासत होता. भयाला पक्ष नसतो. तो ऐकणाऱ्याला असतो.

आता तोरण्याकडे येऊ. वेल्ह्याच्या माथ्यावरील ह्या गडाची उंची सुमारे १४०० मीटर. शिवाजी महाराजांनी त्याचे नाव प्रचंडगड ठेविले. फेब्रुवारी १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड घेतला आणि लगेच तोरण्यास वेढा घालून मार्चमध्ये तो घेतला. त्या काळी त्याने घेतलेले बहुतेक गड पैसा मोजून वा बोलणी करून हाती आले होते. तोरणा मात्र लढून घ्यावा लागला. रात्री दोरांच्या आधाराने जे प्यादे तट चढून गेले, त्यांत मोगलांच्या चाकरीतील मावळेही होते. त्या रात्री वर मारणारा आणि मरणारा ह्यांची बोली एकच असण्याचा पुष्कळ संभव आहे.

बादशहाने गडास नवे नाव दिले : ‘फुतूहुल्गैब’. गैब म्हणजे जे दिसत नाही ते, अदृश्य, दैवी. अब्दुल कादिर जीलानी ह्यांच्या प्रवचनसंग्रहाचेही हेच नाव आहे, त्यामुळे त्यास धार्मिक वलय होते. मराठीतील ‘गैबी’ आणि ‘गायब’ हे ह्याच धातूचे वंशज. हे नाव टिकले नाही. तथापि ‘न दिसणारे’ गडावर राहिलेच. मेंगाई देवीच्या देवळात ब्रह्मपिशाच्चाचा वावर आहे, दिवेलागणीनंतर तेथे थांबू नये, असे गडाविषयी सांगितले जाते. ब्रह्मपिशाच्च म्हणजे ब्राह्मणाचा अतृप्त आत्मा. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ज्या गडावर परचक्राने रक्त सांडले, त्या गडाचे भय लोकांनी परकीयाच्या नावे लाविले नाही. ते आपल्याच समाजातील, गती न मिळालेल्या मृताच्या नावे लाविले.

‘वीर’ ह्या शब्दाची साक्षही हीच आहे. वीर म्हणजे शूर. आणि वीर म्हणजे मेल्यानंतर न शमलेला, पूजा मागणारा आत्माही. कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो. गावोगावच्या वीरगळांत, ज्यातील ‘गळ’ हा कन्नड ‘कल्’ म्हणजे दगड होय, युद्धात पडलेला माणूस स्वर्गास जाताना कोरलेला असतो. ज्याचा दगड उभा राहिला तो देव झाला. ज्याचा राहिला नाही त्याचे काय झाले, ह्याचे उत्तर भुताच्या गोष्टी देतात.

ह्या मताविरुद्ध जाणारा एक शब्द मात्र लपवून चालणार नाही. ‘खवीस’ हा अरबी ‘खबीस’, म्हणजे दुष्ट, ह्यावरून आला. लोकसमजुतीत तो मुसलमानाच्या भुतास लावितात. येथे भाषेने दुसऱ्याच्या मृतास राक्षस केले आहे, आणि तेही त्याच्याच धर्मग्रंथाच्या भाषेतील शब्द उसना घेऊन. परंतु त्याच भुतावळीत ब्रह्मपिशाच्च आहे, मुंजा आहे, वीर आहे. लोकांनी भुतांची गणती करताना कोणत्याही एका जातीस वा धर्मास वगळलेले नाही.

तेव्हा तोरण्याची भयकथा चितारणाऱ्याने शत्रूच्या दाढीला सुळे जोडले तर चित्र सोपे होईल, पण ते ह्या प्रदेशाच्या स्मृतीशी प्रामाणिक असणार नाही. येथील परंपरेने जिवंत वैऱ्यास गनीम म्हटले व भीती राखून ठेविली ती अंत्यसंस्काराविना राहिलेल्यांसाठी. त्यांत गडकरी होते, तट चढून आलेले मावळेही होते. १७०४ च्या त्या रात्री पडलेल्या बहुतेकांची नावे कोणत्याही शकावलीत नाहीत. त्यांचा उल्लेख उरला असेल तर तो ‘तेथे रात्री राहू नका’ एवढ्या एका वाक्यात आहे.