शिर्डी विमानतळ आणि उपकंपन्यांची आखूड पल्ल्याची सेवा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने उभारलेल्या विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. मुंबईहून पहिली सेवा दिली ती एअर इंडियाची तत्कालीन उपकंपनी अलायन्स एअरने, सुमारे सत्तर आसनांच्या एटीआर ७२ विमानाने. ही निवड योग्यच होती. अशा छोट्या अंतरावर विमान बराच वेळ उड्डाण व उतरणीतच घालवते. तेथे मोठ्या जेटपेक्षा एटीआरसारखे पंख्यांचे (टर्बोप्रॉप) विमान कमी इंधनात भागवते. ते भाड्याने घेतल्यास खरेदीचे भांडवल अडकत नाही, आणि उपकंपनीमुळे छोट्या मार्गांचा खर्च मूळ कंपनीच्या हिशेबात मिसळत नाही.

भाड्याच्या विमानांवर मार्ग टिकत नाहीत, हा आक्षेप निराधार नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर भाडेकरारावरील विमाने मालकांना परत मिळेनात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने विमानांना दिवाळखोरीच्या स्थगितीतून वगळले. पण तेथे दोष करारामागील कायद्याच्या संदिग्धतेचा होता, भाडेपद्धतीचा नव्हे. मालकीचे विमानही प्रवासी नसतील तर मार्ग सोडतेच. शिर्डीला भाविकांची वर्दळ बारमाही असल्याने ही भीती तुलनेने कमी आहे. उपकंपनीचे नाते पुढे उरले नाही: जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. अलायन्स एअर मात्र केंद्र सरकारच्याच मालकीची राहिली.